आगगाडीनं गेलेला मुऱ्हाळी

धुळ्याच्या स्टेशनावर गाडीत चढताना मी आधी काठी आत टाकली, मग दांडी धरली आणि मग स्वतःला कसंबसं आत ओढून घेतलं. मागून कोणीतरी म्हणालं, "आबा, दमानं. गाडी सुटायला वेळ आहे." हे आबा म्हणजे आपणच, हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. साठी उलटली होती खरी, पण मागच्या वैशाखापर्यंत मी सायकलवर होतो. सायकलवरच्या माणसाला कोणी दमानं म्हणत नाही, उलट त्यालाच वाट सोडतात.

निघालो होतो अक्काला आणायला. अक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर जळगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठी. आमच्या खानदेशात आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्यांना सासरहून आणायला जो जातो तो मुऱ्हाळी. अक्काची सासू जाऊन ती स्वतः सासू झाली, नातवंडांचे दुधाचे दात पडले, तरी तिला आखाजीला माहेर लागतंच. आईवडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे माझं घर, आणि मुऱ्हाळीही मीच. इतकी वर्षं हा मुऱ्हाळी सायकलवरून जायचा. आखाजीच्या तीन-चार दिवस आधी तिच्या दारात घंटी वाजवायची, मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती भाच्याच्या बैलगाडीत नि मी पुढे सायकलवर, असे आम्ही निघायचो.

यंदा निघताना आमच्या मंडळींनी बजावलं होतं, "वन्संना घेऊन या. ती सायकल मात्र तिथंच राहू द्या." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं? पण अक्कासाठी घेतलेल्या लुगड्याच्या घडीत मी पंक्चरच्या सोल्युशनची डबी नि रबराचे चार तुकडे सरकवून ठेवले होते. पंपही घ्यायचा होता, पण घर पालथं घातलं तरी तो सापडला नाही.

धुळ्याहून पारोळा, पारोळ्याहून एरंडोल, पुढे गिरणा. सरळ पूर्वेला जाणारा रस्ता, दोन्ही अंगांना निंब. आगगाडीला हे सरळपण पसंत नाही. ती आधी खाली चाळीसगावला नेणार, तिथं गाडी बदलायला लावणार, मग पाचोऱ्यावरून वर जळगावला नेणार, आणि तिथून टांग्यानं पुन्हा मागे यायचं. नुसता द्राविडी प्राणायाम! पण सर्व्हिस मोटार (प्रवासी बस) एरंडोललाच उतरवते, पुढे गिरणा काठी टेकत कोण ओलांडणार? तीस वर्षं मी गावोगाव देवी टोचत फिरलो. पहिली काही वर्षं घोड्यावर, नंतर सायकलवर. त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला ठाऊक. त्याला सोडून असं वळसा घालून जाताना ओळखीच्या माणसाच्या दारावरून तोंड फिरवून चालल्यासारखं वाटत होतं.

समोरच्या बाकावर एक शेतकरी नि त्याची बायको, मध्ये आंब्यांची पाटी. तो बराच वेळ माझ्या पसरलेल्या पायाकडे बघत होता. शेवटी राहवलं नाही.

"पायले काय व्हयनं?" (पायाला काय झालं?)

"सायकलवरून पडलो."

"पोऱ्यानी सायकल व्हती का?" (मुलाची सायकल होती का?)

"माझीच."

त्यानं मला पागोट्यापासून जोड्यापर्यंत न्याहाळलं, मग बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून हसली. मी रागावणार तेवढ्यात त्यानं पाटीतला एक पिकला आंबा काढून माझ्या हातात दिला. "खा आबा. हाड जुडस." (हाड जुळतं.) आंब्यानं हाड जुळतं हे मी प्रथमच ऐकत होतो, पण आंबा गोड होता.

पाचोऱ्याच्या पुढे रुळाच्या कडेनं एक तरुण सायकलवर चाललेला दिसला. नांगरून पडलेली काळी रानं, ऊन असं की डोळे उघडवेनात, आणि हा पठ्ठ्या उपरण्याचं टोक वाऱ्यावर सोडून निघाला होता. आमच्या गाडीनं त्याला मागे टाकलं. माझा उजवा पाय बाकाखाली आपोआप हलायला लागला. डावा होता तसाच पसरलेला. मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीकडे पाठ केली.

जळगावला टांगा केला. टांगेवाला घोड्याला पाणी दाखवत होता. माझ्याकडे पाहून त्यानं सदऱ्याची बाही वर सारली आणि दंडावरचे देवीचे वण दाखवले.

"दादा, माले वळखं का? तुमनी घंटी वाजनी का आम्ही बठ्ठा कोठीमा दडी जाऊत." (तुमची घंटी वाजली की आम्ही सगळे धान्याच्या कोठीत लपायचो.)

"मग तुला टोचलं कसं?"

"मायनी काढी दिधं!" (आईनंच काढून दिलं!)

दोघंही हसलो. मग तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "घोडी कोठे शे?" (कुठे आहे?) माझ्या सायकलला सगळा मुलूख घोडीच म्हणायचा. मी म्हटलं, तिलाच भेटायला चाललोय. म्हणायला गेलो गमतीनं, पण खरं तेच होतं. अक्काला तर आणायचंच होतं, पण वर्षभर रोज झोपताना जी डोळ्यांसमोर यायची ती अक्का नव्हे.

अक्का दारातच बसली होती. शेजारी गाठोडं बांधून तयार. "उना का भाऊ?" म्हणाली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "आगगाडीमा उना, म्हणून जित्ता उना." (आगगाडीनं आलास म्हणून जिवंत आलास.)

मागच्या वर्षीची हकीकत वाचकांना सांगितली पाहिजे. मुऱ्हाळी म्हणून मी नवं कोरं धोतर नेसलो होतो, चांगलं घोळदार. एरवी दौऱ्यावर मी काचा घट्ट मारायचो, पण बहिणीच्या दारी रुबाबात जायचं होतं ना! गिरणेच्या पात्रात उतरणारा जो उतार आहे, तिथं सायकलनं वेग घेतला, सोगा साखळीत गेला आणि मी सायकलसकट खालच्या दगडांवर. मांडीचं हाड मोडलं. टरबुजाच्या वाडीतल्या माणसांनी मला बाजेवर घालून नदीपार अक्काच्या घरी नेलं, आणि मागून सायकल. इकडे अक्का गाठोडं घेऊन दारात बसलेली. मुऱ्हाळी आला तो असा. तिची आखाजी माझ्या उशाशी गेली. हाडवैद्यानं पाय कामट्यांत बांधून दीड महिना निजवलं, मग मुलानं येऊन आगगाडीनं घरी नेलं. हाड सरळ जुळलं, पण गुडघा आखडला तो आखडलाच. वैद्य म्हणाला होता, रोज थोडा थोडा वाकवा. तो वाकवताना जी कळ यायची, तिच्या धसक्यानं मी आज नको, उद्या बघू, असं करत वर्ष काढलं.

जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी नि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची), हिरव्या मिरचीचा ठेचा नि कांदा. जेवण होताच मी गोठ्यात गेलो. घोडी भिंतीला टेकून उभी होती. हँडलवर सुक्या मिरच्यांची माळ, बैठकीवर पोतं, आणि दिव्याच्या बाजूला हळदकुंकवाचे सुकलेले थर. अक्कानं दसऱ्याला बैलगाडीच्या बरोबरीनं तिचीही पूजा केली होती, आणि साखळीला शेंगदाण्याचं तेल सोडलं होतं, तेही देवापुढच्या दिव्यात घालतात तितक्या मायेनं. त्या तेलाची गुळासारखी चिकट पुटं झाली होती. मी हसत हसत ती रॉकेलनं धुवायला बसलो आणि हँडलला हात लागताच हसू थांबलं. तो लोखंडाचा गारवा, मुठीखाली झिजलेलं रबर! किती दिवसांनी गं, असं मी चक्क मोठ्यानं म्हणालो.

टायर बसले होते, पण गावातल्या मास्तरांकडे पंप निघाला. सकाळी उन्हं यायच्या आधी मी सायकल खळ्यावर नेली. कोणी नव्हतं. डावा पाय पायंड्यावर (पेडलवर) टेकला, तो ताठ असला तरी चालतो. उजव्यानं दोन रेटे दिले, टांग टाकली, बसलो. बसलो हो! खळ्याची सारवलेली जमीन खालून सरकायला लागली, कानाशी थोडा वारा आला. मग उजवा पाय दाबला. डावा पायंडा वर यायला लागला, अर्ध्यावर आला, आणि गुडघा नाही म्हणाला. पुढे नाही, मागे नाही. मी सायकलसकट कडब्याच्या गंजीवर कलंडलो. लागलं काहीच नाही. पण उठवेना. तिथंच पडून मी लहान पोरासारखा रडलो.

अक्का शेणाची पाटी घेऊन उभी होती. केव्हापासून, देव जाणे. तिनं पाटी ठेवली, सायकल उचलून उभी केली, आणि म्हणाली, "हाड जुडनं शे. तुले भेव वाटस, इतलंच." (हाड जुळलंय. तुला भीती वाटते, इतकंच.)

"मग इथंच राहू दे तिला. घरीही तसंच सांगितलंय."

"ती तुनी शे. तुना घर जाई," अक्का म्हणाली, आणि भाच्याला हाक मारून तिनं सायकल गाडीला मागून बांधायला लावली.

परत येताना आगगाडीचं नाव काढायचं नाही, असं मी ठरवलं होतं. भाचा सुपडू आम्हाला बैलगाडीनं एरंडोलपर्यंत सोडणार, आणि तिथून सर्व्हिस मोटार. गिरणेचं पाणी घोट्याएवढं, दोन्हीकडे वाळूत टरबुजाचे वेल. वाडीतल्या माणसानं मला ओळखलं आणि एक टरबूज फोडून दिलं. "यंदा धोतर आवरीसन नेसा का?" (आवरून नेसलात का?) असंही विचारून घेतलं. पलीकडचा चढ आला तसा मी गाडीतून उतरलो. चढावर बैलांना ओझं नको, असं सुपडूला सांगितलं. खरं म्हणजे ते दगड मला पायांनी ओलांडायचे होते. काठी टेकत वर गेलो. माथ्यावरून पुढचा रस्ता दिसला, निंबांच्या मधून सरळ, उन्हात पांढरा. मी उभा राहिलो तो हललोच नाही. सुपडूला दोनदा हाक मारावी लागली.

धुळ्याला मोटारीच्या टपावरून आधी सायकल उतरली, मग आतून अक्का, मग मी. आमच्या मंडळींनी अक्काच्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला, आणि सायकलकडे एकदाही न बघता म्हणाल्या, "ती निंबाखाली लावा. घरात नको."

आखाजीला अंगणातल्या त्याच निंबाला झोका बांधला. आळीतल्या माहेरवाशिणी जमल्या. खापरावरचे मांडे नि आमरस झाला, पुरुषमंडळी पत्ते कुटायला गेली, आणि मी ओट्यावर पाय पसरून बसलो. पोरी उभ्यानं झोके घेत होत्या, गाणी चालली होती. अक्का पाटावर बसून हळूहळू झुलत होती. मध्येच तिनं पाय टेकून झोका थांबवला.

"ये भाऊ. बस."

"अक्का, हा बायांचा झोका!"

"मंग? निंब तुना, अंगन तुनं. बस."

पोरींनी टाळ्या पिटल्या. मी काठी बाजूला ठेवली. बसलो. डावा पाय समोर ताठ, औताच्या दांडीसारखा. अक्कानं मागून धक्का दिला, आणि माझ्या पाठीवर तिचे हात पडले तेव्हा मला आठवलं, लहानपणी हिनंच मला असं झोक्यावर बसवलं होतं. झोका खाली आला की टाच जमिनीला घासायची. पाय मागे घेणं भाग होतं. घेतला. कळ मस्तकात गेली, मी ओरडलो. "घे!" अक्का म्हणाली, आणि आणखी जोरात ढकललं. पुन्हा टाच, पुन्हा कळ, पुन्हा वर. आणि मग तोंडावर वारा आला. पंखा हलवून येतो तसला नव्हे. आपण जातोय म्हणून येतो, तो. वर्षभर मी ह्याच्यासाठी तळमळत होतो, वाचकहो. सायकल हे त्याचं एक नाव होतं, इतकंच. एक झोका बराच उंच गेला, आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे मला पारोळ्याचा रस्ता दिसला.

आखाजी संपली, सुपडू येऊन अक्काला घेऊन गेला. झोका सोडायची रीत आहे म्हणून मी सकाळी तिवई घेऊन निंबाखाली गेलो.

"राहू द्या तो," मंडळी आतून म्हणाल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पंप होता, तुरीच्या डाळीच्या पिवळ्या धुळीनं माखलेला. तो त्यांनी सायकलशेजारी बुंध्याला टेकवून ठेवला. "चाकांत हवा ठेवत जा. गुडघा वाकेपर्यंत टायर कुजतील."

मी तिवई उचलून परत आत नेली.

हे लिहितोय तेव्हा पावसाळा तोंडावर आला आहे. आळीतले सगळे झोके केव्हाच सुटले, आमचा तेवढा राहिला आहे. येणारेजाणारे हसतात. गुडघा पायंडा फिरण्याइतका अजून वाकत नाही. पण गेल्या महिन्यापेक्षा जास्त वाकतो. मी रोज सकाळी चाकांत हवा बघतो आणि झोक्यावर बसतो. झोका वर गेला की पारोळ्याचा रस्ता दिसतो, खाली आला की भिंत. कधीकधी मंडळी दारात धान्य निवडता निवडता मान वर न करता विचारतात, "दिसला का?"

"दिसला," मी म्हणतो, आणि पाय मागे घेतो.