बॅग भरली, सोबत कोण?

परवा दुपारी मी हॉस्पिटलची बॅग तिसऱ्यांदा रिकामी केली आणि तिसऱ्यांदा भरली. नववा लागून पंधरा दिवस झालेत, डॉक्टर म्हणाल्यात कधीही निघायची तयारी ठेवा... आणि मला घरात दुसरं काम तरी काय आहे?

सिस्टरने छापील यादी दिलीय. आईसाठी, बाळासाठी आणि सगळ्यात खाली 'सोबत राहणाऱ्या स्त्रीसाठी'. मी पडले कॉलेजच्या ऑफिसातली क्लार्क, यादी दिसली की पेन हातात येतंच.

गाऊन, टिक. पॅड, टिक. फाईल, आधार कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, टोपडी, दुपटी... टिक, टिक, टिक. खालच्या भागाशी आलं की पेन थांबायचं. चादर, टूथब्रश, स्वेटर... कोणाच्या मापाचा?

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझ्या माहेरी, बुरोंडीला, आता फक्त बाबा आहेत. आई जाऊन दोन वर्षं झाली.

नवरा जहाजावर, कॉन्ट्रॅक्ट संपायला अजून अडीच महिने आहेत. सासूबाई यायच्या होत्या, तर त्याच गेल्या महिन्यात पडल्या, आता पुण्याला नणंदेकडे अंथरुणावर आहेत. यात कोणाचीच चूक नाही. तरी राग येतो... कोणावर ते कळत नाही.

आणि मी काय केलं, तर सगळ्यांना थापा मारल्या. बाबांना सांगितलं, सासरची एक मावशी राहायला आलीय. नवऱ्याला सांगितलं, बुरोंडीची काकू येणार आहे. ऑफिसात 'सगळं ठरलंय हो', आणि इथे कमेंटमध्ये तुम्ही विचारलंत तर तुम्हाला एक हार्ट टाकून मोकळी झाले.

सगळी माणसं निवांत झाली. मी मात्र रत्नागिरीतल्या या फ्लॅटमध्ये एकटी. बाळ पोटात जोरात लाथ मारतं तेव्हा 'अगं बघ बघ' म्हणायला कोणी नसतं... एकदा मी फ्रीजला म्हणाले.

तर परवा ती बॅग पसरून बसले होते आणि बेल वाजली. दारात बाबा! ऐन मासेमारीच्या सीझनमध्ये बोट किनाऱ्याला लावून, दापोलीहून एसटी पकडून आलेले, हातात कापडी पिशवी.

"मावशी कुठं हाय गो?" त्यांनी विचारलं. बाजारात गेलीय, मी म्हणाले. त्यांनी सिंककडे पाहिलं. एक ताट, एक वाटी, एक पेला.

पिशवीतून लंगोट काढले. बाळाला पहिले काही दिवस जुनं, मऊ कापडच घालायचं, एवढं त्यांना आईकडून माहीत. पण आईच्या साड्या आम्ही तेव्हाच वाटून टाकलेल्या... म्हणून त्यांनी स्वतःच्या जुन्या लुंग्या उकळून, वाळवून, कापून लंगोट शिवले होते. सगळे स्वतःच्या हातांनी.

शिवले होते जाळी शिवायच्या नायलॉनच्या दोऱ्याने. बंदांना जाळ्याच्या गाठी. "ओढून बघ, सुटायची नाय," अगदी अभिमानाने म्हणाले. मी एक लंगोट गालाला लावला तर दोरा चांगलाच टोचला.

"बाबा, बाळ आहे हो ते, सुरमई नाही!"

दोघंही हसलो. किती दिवसांनी या घरात हसण्याचा आवाज झाला. आणि हसता हसता मला रडू कधी फुटलं ते कळलंच नाही...

बाबांनी पाणी आणून दिलं. मग म्हणाले, "रोज फोन करतो तुला. मागं एक भांडं वाजल्याचा पण आवाज येत नाय. कोणी नाय ना गो इथं?"

नाही, म्हणाले मी. महिन्याभरात बोललेलं पहिलं खरं वाक्य.

ते हॉस्पिटलमध्ये येणारच आहेत. पण बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नाहीत, त्यांची जागा खाली बाकड्यावर. हे मी सांगितलं, तसा त्यांनी चष्मा लावला आणि लंगोटाचा दोरा उसवायला घेतला.

मान खाली घालूनच बोलले, "बोटीचं मशीन बंद पडलं की आम्ही काय करतो? काठीला कपडा बांधून हलवतो. ज्याला दिसेल तो दोर टाकतो, ओढत आणतो. भांडण असलं तरी आणतो. पण कपडा तर हलवायला हवा ना गो?"

मला लाज वाटते, मी म्हणाले. ते उसवत राहिले. संध्याकाळपर्यंत दोघं मिळून साध्या सुती दोऱ्याने सगळे लंगोट परत शिवले... आईशिवाय.

आता हे लिहायला दोन दिवस लागलेत. तीनदा टाईप करून पुसलं.

सगळं ठरलंय असं मी तुम्हाला सांगत होते, ते खोटं होतं. काहीच ठरलेलं नाही. वॉर्डात दोन-तीन रात्री सोबतीला बाईमाणूस लागणार आहे. काम फार नाही. बाळ रडलं तर उचलून माझ्याकडे द्यायचं, आणि मी घाबरले तर जरा हात धरायचा.

रत्नागिरीत असाल आणि जमणार असेल तर मेसेज करा. ओळख थोडी असली तरी चालेल... मला कोणीतरी हवंय.