हार्तोनोचा आवाज चढतो तेव्हा

"चूक आहे की बरोबर, एवढंच सांगा!"

हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रांट असे गरजले, की कोलोनच्या कॅथेड्रलवरची निम्मी कबुतरं ऱ्हाईनपलीकडे गेली असावीत. मी शिकत होतो त्या आखेनहून नुकताच येऊन संध्याकाळच्या शाळेत मागच्या बाकावर मित्राची वाट बघत बसलो होतो. मित्र म्हणजे मास हार्तोनो (मास म्हणजे आपला 'दादा'). जावा बेटावरचा हा सडपातळ माणूस जर्मनांना इंडोनेशियन शिकवायचा. ब्रांट क्रेनचे इंजिनिअर, लवकरच तिथल्या सुराबायाच्या बंदरावर कामाला निघालेले. त्यांनी धडा वाचला की हार्तोनो हसून म्हणे, "छान. पुन्हा एकदा वाचता?" तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर स्फोट झाला. पुढच्या तासालाही असंच चाललं तर मी आणि माझ्या कंपनीचे लोक वर्ग सोडू, असं बजावून ते टोपी घेऊन चालते झाले. त्यांच्या कंपनीचे लोक सोडले तर वर्गात उरायचा फक्त फळा.

वर्ग बंद म्हणजे हार्तोनोची नोकरी बंद, आणि तिच्यामागोमाग जर्मनीतला मुक्कामही.

नदीकाठी वारा इतका बोचरा, की माझा एक कान उडून बॉनला पोचला असेल. हार्तोनोने मफलर कानांवरून गुंडाळला. मग म्हणाला, "वडीलधारा माणूस, चारचौघांत बसलेला. तरी पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. 'चूक' म्हणून याहून किती ओरडायचं?"

मला हसू आलं आणि अर्ध्यावर विरलं. पुण्यात आमची काकू "बघू हं" म्हणाली, की आम्ही मुकाट्याने चपला घालायचो. ब्रांट तिथे असते तर काकू काय बघतेय याची वाट बघत ओट्यावर म्हातारे झाले असते.

मी त्याची तोंडावर 'चूक' म्हणायची तालीम घ्यायची ठरवली. हार्तोनोच्या खोलीवर जर्मन मसुराची आमटी केली. आईने दिलेल्या गोड्या मसाल्याची शेवटची चिमूटही घातली. आमटी अशी करपली, की घरमालकीणबाईंनी सगळ्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. हार्तोनोने फक्त "वाईट" म्हणायचं होतं. त्याने ताट चाटूनपुसून संपवलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "रंग सुंदर आहे."

पुढच्या तासालाही मी मागच्या बाकावर होतो. हार्तोनोने पुस्तक मिटलं. म्हणाला, हा वर्ग म्हणजे सुराबायाचं बंदर आणि मी तिथला मुकादम, विचारा.

ब्रांटनी अडखळत विचारलं, उद्या क्रेन सुरू होईल ना? प्रयत्न करू, साहेब. नक्की? पाऊस नसला तर, साहेब. ब्रांट समाधानाने मागे रेलले.

"क्रेन उद्या सुरू होणार नाही," हार्तोनो म्हणाला. "मी तुम्हाला दोनदा सांगितलं."

ब्रांटचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच विचारलं, "आणि माझं वाचन?"

हार्तोनोने टेबलाची कड धरली. जावापासून पोहत येणं त्याला सोपं गेलं असतं. "चूक," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी."

"एंडलिश (अखेर एकदाचं)," म्हणत ब्रांटनी त्याचा हात खांद्यातून निखळेल इतका हलवला आणि वही उघडली. बाकीच्यांनीही उघडल्या.

परतीच्या गाडीपर्यंत हार्तोनो सोडायला आला. माझ्या मनात ब्रांटच घोळत होते. गाणं ऐकायला कान तयार करावा लागतो, हे आपल्याला कळतं. नकार ऐकायलाही तो लागतो, हे मला आखेनच्या एकाही प्राध्यापकाने शिकवलं नव्हतं. आणि हार्तोनो तर आता दोन्हीकडचं, आडूनही आणि तोंडावरही, बोलायला शिकला होता. मी खिडकीतून वाकून विचारलं, "आता खरं सांगा, आमटी कशी झाली होती?"

"पुन्हा एकदा करून बघा," हार्तोनो म्हणाला.