भुईचाफ्याची वाटणी

वाटणीत माझ्या थोरल्या भावानं आणि वहिनीनं मला फसवलं. आंजी गावातल्या घराचं अंगण आम्ही दोघा भावांत वाटलं, आणि माझ्या वाट्याला आलेल्या पट्ट्यातला भुईचाफा त्यांनी आधीच उकरून नेला होता.

ती बाग आईची आणि माझी. गिरडकडच्या माहेराहून तिनं ओल्या फडक्यात बांधून कंद आणले होते. मी तेव्हा सायकलवर भंगार गोळा करायचो. पुढं त्यातूनच जुन्या ट्रॅक्टरांच्या धंद्यापर्यंत पोचलो. विकलं न जाणारं काही हाती आलं की आईला द्यायचो. बूड गेलेल्या किटलीत तिनं लिली लावली, शिलाई मशीनच्या पायावर कर्दळीची कुंडी ठेवली, छपराच्या फुटक्या कवेलूंची वाकडीतिकडी वाट केली.

"बाग हाय का कबाडखाना?" भाऊ हसायचा.

"तुले नाई समजत. तू बाजूनं चाल," आई म्हणायची.

भुईचाफा भिंतीलगत होता. दिवाळीनंतर त्याची पानं वाळून जातात, जमीन उजाड दिसते. मग फाल्गुनात, झाडाला एकही पान नसताना, मातीतून थेट फूल वर येतं. त्या दिवसांत आई सकाळी चहाचा कप घेऊन तिथंच उकिडवी बसायची.

ती गेल्यावर वाटणीला बसलो ते हिवाळ्यात. मला तो पट्टाच हवा होता. पण जे हवं ते आधी मागायचं नसतं, हे मी बाजारात शिकलोय. म्हणून सकाळभर मी विहिरीकडच्या बाजूसाठी भांडलो, आवाज चढवला, एकदा तर चप्पल घालून निघालोही. शेवटी हरल्यासारखं करून म्हणालो, "घ्या तुमची विहीर. मले भिंतीकडचा उकिरडा द्या."

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं, माझ्या मूर्खपणाला हसली.

फाल्गुन संपत आला तरी पट्ट्यात काही उगवेना. मी खुरप्यानं उकरून पाहिलं. भुसभुशीत माती, एकही कंद नाही. वास मात्र येत होता. वासाच्या मागं विहिरीकडं गेलो, तर प्लास्टिकच्या टबांत भुईचाफा फुललेला.

"वहिनी, हे काय?"

"फुलं हायेत, भाऊजी."

"माझ्या वाट्यातली!"

"तुमी माती मागतली, माती भेटली. कंदासाठी घेऊन राह्यलो म्हणून बोलले होते का?" ती कपडे पिळत होती, हात थांबले नाहीत. "वाटणीची गोष्ट निघाली तवाच काढून ठेवले. तुमच्यासारखा माणूस फुलांसाठी पाण्याची बाजू सोडून उजाड भुई घेणार, एवढंही समजू नये का आमाले?"

मी ट्रॅक्टर दाखवतो, सौदा ठरतो, त्यानंतर बॅटरी काढत नाही. आधी काढली असेल तर गिऱ्हाइकाला सांगतो. हे मी ओरडूनच सांगितलं.

"सांगा मंग तुमच्या गिऱ्हाइकाले," ती म्हणाली.

भाऊ ओसरीवर मोबाइल पाहत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "जाऊ दे ना बे. काऊन एवढा तापतं? चार फुलं तर हायेत. नेजो दोन कंद."

मी नेले नाहीत. माझंच मला दान म्हणून नको.

वहिनीशी माझं भांडण संपलं. तिनं सौदा केला, माझ्यापेक्षा चांगला केला. पण दादा, आई ज्या जागी चहा घेऊन बसायची तिथली माती, आई गेल्यावर महिनाभरात, कुणीतरी खणली. वहिनीची कंबर धरलेली, तिला वाकता येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मग कुदळ कुणी चालवली? हात कुणाचे होते? तू आईचा मुलगा आहेस. मोबाइल खाली ठेव आणि मला उत्तर दे.