धाकट्याने ठेवलेली कॉपी

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात लिफ्टवाला राहतो. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण आमच्याच इमारतीची लिफ्ट बंद पडली की त्याला बोलवायला जायची कोणाची छाती होत नाही. कारण तो आधी आपल्यालाच झापतो. दार धरून का ठेवलंत, आत किती जण घुसला होतात, बटणं काय ढोल म्हणून बडवता. ऐकणाऱ्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. मी शिवणकाम करते, पडदे, गणवेश, पँटची चेन बदलणं असली कामं, आणि तोंड मलाही आहे. त्यामुळे आमचं जमलं. बाकी कोणाशी त्याचं जमल्याचं मी पाहिलेलं नाही.

पूर्वी तो एकटा नव्हता. धाकटा भाऊ होता सोबत. आई-वडील लवकर गेले, यानेच त्याला वाढवला. धाकटा म्हणजे अगदी दुसरं टोक. हसरा, बडबड्या, लबाड. पँट उसवून आणायचा आणि वर मलाच म्हणायचा, "ताई, दोरा बदला तुमचा, हल्ली दोऱ्यात जीव नाही." मी पट्टी उगारायचे, तो जिन्यात पोचलेला असायचा.

संध्याकाळी जेवणं झाली की दोघे आपापल्या खोलीत बसून एकच गेम खेळायचे. गेम कसला, तर बर्फाचं जंगल. लाकडं तोडायची, शेकोटी पेटवायची, लांडग्यांपासून वाचायचं आणि जगायचं. बस्स, एवढंच. त्यात म्हणे जीव एकच. दोघांपैकी कोणीही मेलं की झोपडीसकट सगळा डाव पुसला जातो, पुन्हा रिकाम्या हातांनी सुरुवात. मी म्हटलं, "अहो, दिवसभर राबून घरी येता आणि परत लाकडंच फोडता? त्यापेक्षा माझे पडदे दुमडून द्या." भिंत पातळ, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. "धाकट्या, आग विझतेय रे!" "दादा, मागे बघ! मागे बघ!" मशीन चालवताना मला या दोन आवाजांची सोबत असायची. तेव्हा मी कटकट म्हणायचे.

डाव चालायचा धाकट्याच्या कॉम्प्युटरवर, दादा आपल्या कॉम्प्युटरवरून त्याला जोडून घ्यायचा. दोघांचा तो डाव भलताच लांबला होता आणि लिफ्टवाल्याला त्याचा कोण तोरा! जिन्यात भेटेल त्याला सांगायचा, "अजून एकदाही मेलो नाही. एकदाही नाही." लोक म्हणे यात एक लबाडी करतात. डावाची कॉपी काढून बाजूला ठेवायची आणि मेलं की ती परत लावायची. म्हणजे मरण आलं, आणि आलंच नाही. याचं त्याला भयंकर वावडं. म्हणायचा, "लिफ्टचा दोर तुटल्यावर परत एकदा म्हणता येतं का? मग इथे का म्हणायचं?"

आणि एके दिवशी त्याने धाकट्यालाच कॉपी काढून ठेवताना पकडलं. बाप रे, काय ते भांडण! "म्हणजे तू मरत होतास आणि मला शेंडी लावत होतास!" धाकटा म्हणाला, "दादा, तसं नाहीये." "मग कसंय? सांग की!" आणि ज्याचं तोंड कधी मिटायचं नाही तो धाकटा गप्प बसला. मला वाटलं, सापडला चोर. याने तो डाव तिथल्या तिथे पुसून टाकला. थोड्याच दिवसांत धाकट्याने दूरच्या शहरात नोकरी धरली. जाताना माझ्या दारात उभा राहिला, म्हणाला, "दादाकडे लक्ष ठेवा, ताई. जेवत नाही तो नीट." दोघांचं बोलणं मात्र बंद ते बंदच.

मग लिफ्टवाल्याने एक मॉड केलं. मॉड म्हणजे काय हे त्याने मला समजावलं. गेम दुसऱ्या कोणी बनवलेला, त्याला आपण आपला एक तुकडा जोडायचा. मी म्हटलं, तयार कोटाला आपण अस्तर लावतो तसं. तो म्हणाला, तसंच. याचं अस्तर लबाडी पकडायचं. मेलात की डाव तर गेमच पुसायचा. कॉपी परत लावलीत की मॉड तीही पुसायचं. लोक पेन ड्राईव्हमध्ये कॉप्या लपवायला लागले, तर याने पेन ड्राईव्ह आत गेल्या गेल्या तोही धुंडाळायची सोय केली. पुसून झालं की पडद्यावर अक्षरं यायची, "गेला म्हणजे गेला." एकदा बसवलं की मॉड निघत नाही. मी विचारलं, "आणि तुम्हालाच काढावंसं वाटलं तर?" तो म्हणाला, "म्हणून तर काढायची सोय नाही ठेवली."

कुठले कुठले लोक ते मॉड वापरायला लागले. काही जण रडायचे, माझ्या हातून चुकून झालं, तेवढा एक डाव परत द्या. हा प्रत्येकाला एकच ओळ पाठवायचा. तीच, पडद्यावरची.

तिकडे धाकट्यासोबत राहणाऱ्या मित्राचा फोन आला तेव्हा लिफ्टवाला माझ्याच दारात उभा होता, बाही उसवलेला शर्ट घेऊन. कामावर धाकट्याच्या छातीत कळ आली होती, दवाखान्यात नेलं होतं. हा होता तसाच निघाला. पोचला तेव्हा सगळं आटपलेलं होतं. परत आला आणि शर्ट न्यायला आला. मी बाही शिवली होती, ती दाखवली. तो म्हणाला, "छान झालीये."

त्यानंतर भिंतीपलीकडून काही येईना. भांड्याचा आवाज नाही, शिवी नाही. लिफ्ट बंद पडली तरी तो गपचूप जाऊन नीट करून यायचा, कोणाला झापायचा नाही. माणसाने निदान ओरडावं तरी.

पुढे मित्राने धाकट्याची बॅग पोचवली. कपडे, चार्जर आणि एक पेन ड्राईव्ह. मित्र म्हणाला, "यात दोघा भावांचा डाव आहे, दादाचा राग उतरला की दाखवणार, असं तो म्हणायचा."

सुट्टीच्या दुपारी लिफ्टवाला तो पेन ड्राईव्ह मुठीत घेऊन माझ्याकडे आला. माझ्याकडे भरतकामाच्या नक्षीसाठी एक कॉम्प्युटर आहे.

"ताई, तुमच्या कॉम्प्युटरवर गेम टाकू का? माझ्याकडे हा लावला की मॉड पुसून टाकेल."

"अहो, मॉड तुमचंच ना? सांगा त्याला गप्प बस म्हणून."

"कोणाचं ऐकत नाही ते. मीच तसं केलंय." मग खाली बघत म्हणाला, "धाकटा झोपडीत बसलेला असेल. त्याला एकदा शेकोटीपाशी बघायचंय, ताई. बाकी काही नको."

आयुष्यभर लबाडीवर दात धरलेला माणूस माझ्याकडे लबाडी करायची परवानगी मागत होता. मी दोऱ्याची रिळं बाजूला सारून त्याला जागा करून दिली.

डाव उघडला. पण धाकटा काही दिसेना. डाव त्याचा, म्हणून आपण त्याच्याच डोळ्यांनी बघत होतो. झोपडीच्या दारात उभे, समोर पांढरं माळरान, आणि पार टोकाला झाडांपाशी लाल टोपीवाला एक माणूस पाठमोरा उभा.

"हा कोण?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला.

एवढ्यात झाडांतून लांडगा निघाला. लाल टोपीवाला हलला नाही, कारण त्याला हलवणारं पलीकडे कोणी बसलेलं नव्हतं. लांडग्याने त्याला आडवा केला आणि अक्षरं आली, साथीदार मेला.

लिफ्टवाल्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मग म्हणाला, "ही जागा आठवते मला. लाकडं आणायला गेलो होतो. पडदा काळा झाला. धाकटा पलीकडून ओरडला, लाईन गेली दादा, परत चालू करतो. चालू झालं, तर मी तिथेच उभा. आणि लगेच त्याची हाक, मागे बघ. मी वळलो, वाचलो. मला वाटायचं, काय नजर आहे पोराची."

"म्हणजे?"

"म्हणजे लाईन गेलीच नव्हती. मी मेलो होतो." तो पडद्याकडेच बघत होता. "कॉप्या तो माझ्यासाठी ठेवत होता."

मला त्या भांडणातला गप्प बसलेला धाकटा आठवला. स्वतःला चोर म्हणवून घेतलं कार्ट्याने, पण दादाचा तोरा उतरू दिला नाही. माझे डोळे भरून आले, आणि रागही आला, कोणाचा ते कळेना.

"परत लावू?" त्याने विचारलं.

"मला काय विचारता? लावा."

त्याने कॉपी परत लावली. या वेळी धाकट्याच्या पायांनी तो स्वतःकडे धावत सुटला. पोचायच्या आत लांडग्याने गाठलं. त्याने पुन्हा लावली. मी आतल्या खोलीत जाऊन मशीनवर बसले, पण शिवण काही सरळ येईना. बाहेरून लांडग्याचं गुरगुरणं, मग शांतता, मग पुन्हा बटणं. आणि थोड्या वेळाने त्याचा आवाज, आधी हळू, मग मोठ्याने, "दादा, मागे बघ! अरे, मागे बघ ना!" कामावरची माणसं टरकायची तो हा आवाज. ऐकायला पलीकडे कोणी नव्हतं.

उजेड उतरला तेव्हा तो उठला.

"पोचताच येत नाही, ताई. ओढ्यावरून पळा, झाडीतून पळा. फार लांब आहे. धाकट्याने तरी हाक मारण्यापलीकडे काय केलं असतं?"

त्याने पेन ड्राईव्ह काढला, रुमालाने पुसला आणि माझ्यासमोर धरला. "हा इथेच राहू दे. माझ्या घरात त्याला जागाच ठेवलेली नाही मी."

मी तो बटणांच्या डब्यात ठेवला आणि म्हटलं, पुढच्या सुट्टीला या. तो येतो. मी मशीन बंद ठेवते, म्हणजे आतल्या खोलीत मला पलीकडून त्याची हाक ऐकू येते.