एकदाच विचारतात

अमेरिकेत फ्रीमाँटच्या आमच्या घरी शनिवारी मुलाचे मित्र जेवायला येत. एकदा त्यांच्यात वाद पेटला. असाध्य दुखण्याने गांजलेल्या माणसाने मागितलं, तर डॉक्टरांनी त्याला मरायला मदत करावी, असा कायदा व्हावा म्हणून इथे काही लोक खटपट करत होते. मी पुऱ्या लाटत होते. दोन दिवसांनी माझं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन होतं, त्यामुळे कान तिकडेच.

युनिव्हर्सिटीत शिकणारा नागपूरचा मुलगा म्हणाला, "सगळ्यांना मिळायला पाहिजे यार, आणि फ्री. फक्त पैसेवाल्यांना नाही."

"फ्री दिलं तरी सरकार फायद्यातच," माझ्या मुलाचा आणखी एक मित्र म्हणाला. "म्हाताऱ्यांच्या हॉस्पिटलवर केवढा खर्च होतो!"

त्याची बायको फणकारली, "आणि म्हाताऱ्या गेल्यावर तुमची पोरं कोण सांभाळणार? बेबीसिटर काय घेते, विचारलंय कधी?"

सगळे हसले. मित्र म्हणाला, "अगं, जबरदस्ती थोडीच आहे? आधी विचारणार. माणूस हो म्हणाला तरच."

विचारणार म्हटल्यावर माझं लाटणं थांबलं. माझी आत्या कित्येक महिने तळमळून गेली, तिला अशी सुटका मिळती तर मी देवाचे आभार मानले असते. पण माझ्यासारखीचं काय? मला आजवर जे जे कुणी विचारलं, त्याला मी आधी नको म्हटलंय. नणंदेकडे भुकेली असतानाही पोट भरलंय म्हणायची. आपल्याकडे समोरच्याला ते कळतं. तो पुन्हा विचारतो, हात आडवा धरला तरी वाढतो. इथे मुलाची ओढाताण डोळ्यांसमोर, माझा इन्शुरन्स नाही, आणि सुटका सगळ्यांना फुकट. अशा वेळी मला अजून जगायचंय म्हणणं म्हणजे परक्या घरी भात मागून घेण्यासारखं. माझ्याने झालं नसतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात गेले. नर्स कॉटशेजारी बसून एकेक विचारू लागली. मुलगा मराठीत सांगत होता.

"आई, ऑपरेशनमध्ये हृदय बंद पडलं तर परत चालू करायचा प्रयत्न करू का, म्हणतेय."

"कशाला उगाच त्यांना त्रास," मी म्हटलं.

मुलाने मान हलवली आणि इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात सून ओरडली, "अहो, थांबा! आई, ही पुन्हा विचारणार नाही. इथे एकदाच विचारतात."

"थोडा आग्रहसुद्धा नाही?"

"मुळीच नाही. नको म्हणालात की लिहून घेईल."

नर्सने पेन कागदावर टेकवलंच होतं.

"हवं!" मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने की पडद्यापलीकडची बाई दचकून काहीतरी बोलली.

मग मी थांबलेच नाही. श्वासाचं मशीन? हवं. रक्त? हवं. नळीने अन्न? तेही हवं. मुलाचा चेहरा लाल झाला. "आई, काय हे! लोकांना काय वाटेल?" सून मात्र तोंडाला पदर नाही म्हणून पर्स लावून हसत होती.

नर्सने शेवटी आणखी काहीतरी विचारलं. मी मुलाची वाट न बघता "येस" म्हटलं.

थोड्या वेळाने वाटीत लाल, लदलद हलणारं काहीतरी आलं.

"ही जेली," मुलगा म्हणाला. "खायला देऊ का, एवढंच विचारत होती. आणि आई, त्यात जनावराच्या हाडांचं काहीतरी असतं."

नर्स दारात उभी राहून कौतुकाने बघत होती. मी तर अंडंसुद्धा खात नाही. पण एवढं सगळं मागून घेतल्यावर ते परत कसं करणार? मी चमचा हातात घेतला, कचऱ्याचा डबा कुठे आहे ते बघून ठेवलं, आणि सुनेला म्हटलं, "जरा तिला बाहेर बोलण्यात गुंतव."