पायांपुढची कुंडी

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. गुन्हेगारावर तर फिरतंच, पण सगळ्यांत कमी त्याच्यावर.

पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं आणि मी तिथे फौजदार होतो. मे महिना, लग्नसराई संपत आलेली. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एका बाईचा चढा आवाज ऐकू आला. साठीच्या घरातली, गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडं नेसलेली बाई. गव्हाणकडच्या एका मिठागराच्या गावाची ती धवलारीण होती. त्या गावांत लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यांवर. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं हवं, ती आली नाही तर मांडवातलं कामच पुढे सरकत नाही.

"सात दिस जाले, माजी पोर गानाला आली नाय," ती म्हणाली.

ही तिची पोटची मुलगी नव्हे. मिठागरात काम करणारी सोळा वर्षांची मुलगी, संध्याकाळी हिच्याकडे येऊन गाणी शिकायची.

"बापाला इचारलं तर बोलतो, मुंबयला मावशीकडं गेली. तिची मावशी दोन वर्सांमागं मेली, सायेब. मीच तिला शेवटची आंगोल घातली."

बापाला बोलावून घेतलं. तासभर तो बाकावर बसून मावशीचीच टकळी लावून होता. मावशी लालबागला राहते, मावशीची तब्येत बरी नाही, मावशीने चिठ्ठी धाडली होती. पोलिसांना खोटं सांगायचं असेल तर निदान जिवंत नातेवाईक तरी निवडावा, पण लोकांना तेवढाही धीर नसतो. शेवटी मी धवलारणीला आत बोलावलं. तिला समोर बघताच त्याची मान खाली गेली.

खरी हकीकत अशी. बाजारपेठेत फोटो स्टुडिओ चालवणारा एक इसम त्या हंगामात गावोगावच्या लग्नांत फोटो काढत फिरत होता. मुलीचा आवाज ऐकून तो बापाला म्हणाला, मुंबईत गावाकडच्या जीवनावर सिनेमा निघतो आहे, गाणारी मुलगी हवी, आठ दिवसांचं काम. कुणाला बोलू नका, नाहीतर सगळं गाव माझ्या दारात येईल. बाप बोलला नाही. आठवडा व्हायच्या आत त्याच्या मनात पाल चुकचुकली, तरीही तो बोलला नाही.

"अरे, मग ठाण्यात का आला नाहीस?"

"अब्रू जाल, सायेब."

"आणि अनोळखी माणसाबरोबर पोर पाठवलीस तेव्हा अब्रू कुठे होती?" मी अक्षरशः ओरडलो.

"अनोलखी क्याला? त्याच्या दुकानात तुमचा फोटो हाय ना! फौजदाराच्या वलकीचा मानूस, म्हनून पाठवली."

ठाण्यातला एकही माणूस माझ्याकडे बघेना. फोटो होता, हे खरंच होतं. सहा महिन्यांपूर्वी त्या इसमाने आग्रह करकरून मला स्टुडिओत नेलं होतं. गणवेश, हातात छडी, मागे रंगवलेल्या तळ्याचा पडदा. तो फोटो त्याने दर्शनी कपाटात मधोमध लावला. येता-जाता मी तो बघत असे, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडत असे.

त्याच दुपारी पंच घेऊन आम्ही स्टुडिओवर गेलो. कपाटात माझ्या फोटोभोवती सहा मुलींचे फोटो होते. पंचनामा करून ते सगळे ताब्यात घेतले आणि त्या इसमाला ठाण्यावर आणलं. मी सांगायच्या आत तो खुर्ची ओढून बसला.

"साहेब, तुम्ही तर मला ओळखता," तो हसत म्हणाला. "पोरगी आली, फोटो काढला, गेली. पुढे कुठे गेली, हे मी कसं सांगणार?"

दोन तास हेच. मारहाणीने माणूस बोलतो, पण आपल्याला हवं ते बोलतो, खरं बोलेलच असं नाही. त्यामुळे मी त्या वाटेला जात नसे. चिडून मी सगळे फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि नुसता बघत बसलो. तोच पडदा, तीच लाकडी खुर्ची, तीच फुलांची कुंडी. माझ्या फोटोत कुंडी बाजूला होती आणि बूट चकचकीत दिसत होते. मुलींच्या सहाही फोटोंत ती कुंडी पुढे, बरोबर पायांच्या समोर.

"ही कुंडी पायांपुढे कशाला?" मी सहज विचारावं तसं विचारलं.

आपल्या धंद्याबद्दल विचारलं की माणूस खुलतो. तोही खुलला. "मिठागरातल्या पोरी त्या, साहेब. खारं पाणी पाय खाऊन टाकतं. भेगा, जखमा, रंग गेलेला. चेहरा कितीही गोड असो, बाई पाय बघितले की नाकच मुरडते."

"कुठली बाई?"

संध्याकाळ व्हायच्या आत मुंबईतला पत्ता, बाईचं नाव आणि उरणकडच्या मोरा बंदराच्या धक्क्यावरून मुलीला लाँचने कोणी नेलं, हे सगळं जबाबात आलं. बाकीच्या पाच मुली अजून घरीच होत्या. त्यांची पाळी पावसाळ्यानंतर होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मुंबई पोलिसांना सोबत घेऊन आम्ही त्या पत्त्यावर गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मुलगी परातीतल्या गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. आम्हाला बघून ती आधी भिंतीला चिकटली. मी गावाचं नाव घेतलं, धवलारीण वाट बघते आहे म्हणालो, तेव्हा कुठे ती रडली.

लाँचमध्ये तिने सगळं सांगितलं. बाई रोज तिचे पाय तेलाने चोळायची, गरम पाण्यात बुडवायला लावायची. पाय मऊ झाले की शूटिंग सुरू, म्हणायची. तोवर कुणासमोर न्यायची नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलींकडे बघून हे शूटिंग कसलं, ते हिला दुसऱ्याच दिवशी कळून चुकलं. दाराला बाहेरून कडी.

"मंग मी काय केलं, सायेब, बरनीतलं मीठ घ्यायचे न् भेगांत भरायचे. बाईनं पाठ फिरवली का भरायचे. पाय बरे जाले असते तर मी गेलेच व्हते."

सहा दिवस ती मुलगी स्वतःच्या जखमांत मीठ भरत होती. ती वाचली ती तिच्या अकलेने, आम्ही फक्त उरलेलं काम केलं. मी समोर बसून ऐकत होतो आणि मला खाली तिच्या पायांकडे बघवत नव्हतं.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. इसमाला आणि त्या बाईला पुढे शिक्षाही झाली. पण मधे मी माती खाल्ली.

मुंबईच्या एका दैनिकाचा बातमीदार ठाण्यावर आला. मुलीचा फोटो छापला तर बाकीचे आईबाप सावध होतील, म्हणाला. मला पटलं. तपास अधिकाऱ्याचाही द्या, म्हणाला. तेही पटलं. मी त्याला मिठाची गोष्ट दोनदा सांगितली. तिसऱ्या दिवशी अंक हातात पडला. वर माझा फोटो, 'कर्तबगार फौजदार'. खाली तिचा, 'सिनेमाच्या वेडापायी घर सोडणारी तरुणी'. मिठाचा एक शब्द नाही. जिला बापाने पाठवलं, ती वेडी ठरली. बाप साधाभोळा ठरला आणि मी कर्तबगार.

मी बातमीदाराला गाठून फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "मिठाचं कोण वाचतं, साहेब?"

जबाबाचं काम होईपर्यंत मुलगी एका हवालदाराच्या घरी होती. त्या दिवशी ते संपवून बाप तिला घरी नेणार होता. तो आला, पण एकटाच. गावात कुणीतरी पेपर मोठ्याने वाचून दाखवला होता.

"पेपरात आलं म्हंजे लोक तेच खरं धरतात," तो माझ्या पायांकडे बघत म्हणाला. "घरात दुसऱ्या दोन पोरी हायत. त्यांची लगनं कशी व्हतील?"

"तूच पाठवलीस ना तिला?"

तो आला तसा एकटाच निघाला. मुलगी तिथेच बाकावर बसून ऐकत होती. कायद्याची सगळी पुस्तकं माझ्या मागच्या कपाटात होती, आणि बापाने मुलीला घरी न्यावं हे सांगणारं कलम मला त्यात सापडत नव्हतं.

संध्याकाळी धवलारीण आली. तिने कुणाला काही विचारलं नाही. मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "चल, उंद्याला हलद हाय."

गावाने कटकट केलीच. ही मांडवात नको, म्हणाले. धवलारणीने चार लोकांसमोर सांगितलं, "लगनाला मी पायजे का नको? पायजे तर ही माज्या मागं बसल. नायतर लावा लगनं मुक्यानं." रात्रभर गाव फुगून बसलं. सकाळी हळदीच्या घरून बोलावणं आलं, दोघींना.

दैनिकाला मी खुलाशाची दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. माणूस भिंतीवरच्या फोटोवर विश्वास ठेवतो, छापलेल्या ओळीवर विश्वास ठेवतो आणि समोर बसलेल्या मुलीवर ठेवत नाही, हे मी तेव्हा शिकलो. बापापुरतं म्हणत नाही. त्या कपाटातल्या छडीवाल्या माणसावर माझाही तसाच विश्वास होता.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. जाण्यापूर्वी त्या गावातून एका लग्नाचं बोलावणं आलं. धवलारीण आता आवाजाने थकली होती. ती बसून राहिली आणि बहुतेक गाणी त्या मुलीनेच म्हटली. मांडवातल्या बायका तिच्यामागे ओळ धरत होत्या, त्यांत तिच्या दोन बहिणीही होत्या. बाप लांब, खांबाजवळ उभा होता.

लग्न लागल्यावर नव्या फोटोवाल्याने नवरा-नवरीशेजारी सगळ्यांना उभं केलं. "साहेब, तुम्ही मधे या." मी जागचा उठलोही. शेजारून मुलगी आपलं लुगडं सावरत कॅमेऱ्याकडे पाठ करून निघाली होती. मी तिला म्हटलं, "तूही ये की."

ती थांबली. रागावलेली दिसली नाही, मला समजावून सांगावं तसं म्हणाली, "तुमी रावा उबं, सायेब. तुमचा फोटो पेपरात चांगला येतो."

मी खुर्चीवर परत बसलो. त्यानंतर गणवेशातला फोटो मी काढून घेतलेला नाही. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा नाही.