अर्धा टॅग
झेंडूचा वास आला की माझं डोकं अजूनही फिरतं. त्या खंडेनवमीला चाकणच्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटरलाही हार घातले होते आणि मी एक्सएसएलटीमध्ये कोड लिहीत बसलो होतो. गाडीत भरलेल्या मालाची एक्सएमएल यादी त्यातून ग्राहकाला हवी तशी बदलून जायची. माल क्रेटमध्ये असेल तरच त्याच्याभोवती क्रेटचा टॅग, म्हणजे यादीत मालाच्या आधी उघडणारी आणि नंतर बंद होणारी खुणांची जोडी, हवा होता, सुट्ट्या मालाला नको. साहेब म्हणाले, "वर अट घालून टॅग उघड, खाली अट घालून बंद कर." मी म्हणालो, "सर, इथे अर्धा टॅग चालत नाही. मालाचा भाग वेगळा लिहू, क्रेट असेल तर अख्खा टॅग त्याच्याभोवती घालू." "मला शिकवू नकोस," म्हणत ते माझ्याच खुर्चीत बसले, दोन्ही अर्धे साध्या मजकुरासारखे घुसडले, खालची अट घालायला विसरले आणि पूजेला गेले. सुट्ट्या मालाच्या यादीत न उघडलेला टॅग बंद झाला, ग्राहकाच्या सिस्टिमने ती नाकारली आणि गाडी त्यांच्या गेटवर अडली. पेढा धरलेला हात माझ्याकडे करत साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "यानं केलंय." आता ते पिंपळे सौदागरला माझ्याच सोसायटीत राहतात. लिफ्टकडे हसत येताना दिसले की मी दार बंद करायचं बटण दाबतो.